मोनालिसाची तैलरंगातली प्रतिकृती : या चुका टाळा

प्रतिकृती बऱ्याचदा रंग लावायच्या आधीच बिघडते. मूळ चित्र ७७ × ५३ सेंमी आहे. तयार मिळतो म्हणून ५० × ४० चा कॅनव्हास घेतला आणि चित्र उतरवण्यासाठी आखलेल्या चौकटी त्यावर ताणून बसवल्या, की चेहरा रुंद होतो. ५१ × ३५ घ्या. मूळ चित्र पॉप्लरच्या गुळगुळीत फळीवर आहे. खरखरीत कॅनव्हासवर गालाची धूसर कड जमणार नाही. गेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) आणखी दोन-तीन हात द्या आणि प्रत्येक हात वाळला की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

खरा घोळ होतो त्वचेत. एकच 'स्किन कलर' कालवायचा, सावलीला त्यात काळा, उजेडाला पांढरा. मग सावली राखेसारखी दिसते आणि कपाळ खडूसारखे. त्यापेक्षा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढऱ्यात आधी अख्खे एकरंगी चित्र संपवा. ओठांच्या कोपऱ्यातली, हनुवटीखालची सावली इथे चुकली असेल तर वरचा कोणताही रंग ती झाकत नाही, उलट उठवतो. हे चित्र हवे त्याहून जरा उजळच ठेवा, कारण त्यावर द्यायचा पातळ रंगाचा प्रत्येक पारदर्शक थर ते गडद करतो. आजचा पांढरा, टिटॅनियम व्हाइट, मूळ चित्रकार लिओनार्दोकडे नव्हता. तो थंड आणि फार झाकणारा आहे, म्हणून त्यात कणभर यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला.

पारदर्शक थरासाठी जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समसमान, रंग नावापुरता. तेल जास्त झाले की सुरकुत्या पडतात. खालचा थर हाताला चिकटत असेल तर थांबा, नाहीतर ब्रशबरोबर तोही निघून येतो. खाली तेलकट आणि वर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग, असे उलटे झाले की वरचा आधी वाळतो आणि तडकतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग खालच्या थरात नकोच, तो फार सावकाश वाळतो.

फोटोतला पिवळट-हिरवट रंग जसाच्या तसा उतरवू नका. तो जुन्या व्हार्निशचा आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली प्रत (बहुधा लिओनार्दोच्या शिष्याची) स्वच्छ करून २०१२ मध्ये समोर आली, तेव्हा काळ्या रंगाखाली निसर्गदृश्य निघाले. रंग आणि भुवया तिच्यावरून पाहा.

वाळल्यावर रंग कुठे चमक गेल्यासारखा मंद दिसला तर तिथे तेलाचा पुसट हात फिरवून कापडाने टिपून घ्या. ते कापड चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेते. पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा.