मुलांमधील दुर्मीळ श्वसनविषाणूंचे सर्वेक्षण : या चुका टाळा

ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी आणि शिकागो येथील रुग्णालयांत धाप लागलेल्या मुलांची संख्या एकाएकी वाढली. तपासणीत ‘ऱ्हायनोव्हायरस किंवा एंटेरोव्हायरस’ (एकमेकांच्या जवळचे दोन विषाणूगट) एवढेच कळत होते. तिथल्या डॉक्टरांनी त्यावर समाधान न मानता नमुने सीडीसीकडे (अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था) पाठवले, तेव्हा कॅन्सस सिटीच्या 22 पैकी 19 आणि शिकागोच्या 14 पैकी 11 नमुन्यांत 1962 पासून माहीत असलेला, पण क्वचितच नोंदला जाणारा एंटेरोव्हायरस डी68 निघाला. असा एकत्रित निकाल आला की फाईल बंद करणे ही म्हणूनच मोठी चूक आहे. आजार नेहमीपेक्षा गंभीर असेल, तर विषाणूचा नेमका प्रकार शोधलाच पाहिजे.

त्याहून मोठी चूक मात्र नमुना घेण्याआधीच होते. ‘सारी’च्या (रुग्णालयात भरती करावा लागणारा तीव्र श्वसनसंसर्ग) नेहमीच्या व्याख्येत 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, निदान ताप येऊन गेल्याची माहिती, ही अट असते. डी68 आढळलेल्या वरील 30 मुलांपैकी भरतीच्या वेळी ताप होता फक्त सात जणांना. अनेकांना पूर्वीपासून दमा होता, त्यामुळे ‘दम्याचा झटका’ अशी नोंद होऊन ती सर्वेक्षणातून सहज निसटली असती. आरएसव्ही या लहान मुलांत नेहमी आढळणाऱ्या श्वसनविषाणूच्या सर्वेक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तापाची अट काढली आणि सहा महिन्यांखालील बाळाचा श्वास मध्येच थांबणे हे लक्षणही धरले. आपल्या बालरोग कक्षांतही हीच दृष्टी ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

नमुना घेताना नाकातला स्वॅब कपाळाच्या दिशेने वर न नेता टाळूला समांतर, कानाच्या रोखाने न्यावा आणि काही सेकंद तिथेच ठेवावा. लाकडी काडीचा स्वॅब पीसीआरला चालत नाही. व्हीटीएममधील (विषाणू टिकवून नेण्याचे द्रव माध्यम) नमुना 2 ते 8 अंशांत ठेवून 72 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. उशीर होणार असेल, तर घरगुती फ्रीजरऐवजी उणे 70 अंशांची सोय शोधावी. डी68 साठी केवळ शौचाच्या नमुन्यावर विसंबू नये, कारण हा विषाणू जठरातील आम्लात टिकत नाही.

जानेवारी 2025 मध्ये बेंगळुरूतील दोन बाळांत एचएमपीव्ही (ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस) हा श्वसनविषाणू आढळल्यावर घबराट पसरली. प्रत्यक्षात हा विषाणू 2001 मध्येच ओळखला गेला होता आणि तो भारतात आधीपासून आहे, हे आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) स्पष्ट केले. बाधितांच्या आकड्याशेजारी एकूण किती नमुने तपासले हे लिहिले नाही, तर वाढलेली तपासणीच साथ वाटू लागते. मागील वर्षांचे त्याच महिन्यांतील प्रमाणही अहवालात द्यावे.