काबूयाच्या दफनभूमीच्या बेटावर ओहोटीत जाताय? या चुका टाळा

कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, निकोया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ काबूया नावाचं छोटं गाव आहे. या गावाची दफनभूमी समोरच्या बेटावर आहे. ओहोटी लागली की मधला खडकाळ पट्टा उघडा पडतो आणि माणसं चालत बेटावर जातात. भरतीला तोच पट्टा पाण्याखाली असतो. गावात कुणी गेलं तर अंत्ययात्रा किती वाजता निघणार हे समुद्राला विचारून ठरतं. बेटावर वस्ती नाही. पांढरी कमान, झाडी आणि थडगी, एवढंच.

जवळच्या मोंतेझुमाला सुट्टीसाठी येणारे, त्यात अमेरिकेत राहणारी आपली मंडळीही असतील, हे बेट ‘सकाळचं एक काम’ म्हणून यादीत टाकतात. चालायचं अंतर खरंच थोडं आहे. म्हणूनच तयारी करावीशी वाटत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

ओहोटीच्या वेळेला निघणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटी ९:१० ला लिहिलेली असते, आणि लोक ९:१० ला किनाऱ्यावर येऊन बूट बांधायला लागतात. तक्त्यातली ती वेळ म्हणजे पाणी सर्वांत खाली असण्याची वेळ. तिथून पुढचा प्रत्येक मिनिट भरतीचा. निघायचं ते त्याच्या तास-दीड तास आधी, पाणी उतरत असताना. आणि तक्त्यातली वेळ झाली की परत फिरायचं. फार तर अर्धा तास इकडेतिकडे, त्याहून जास्त नाही.

कारण भरती सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी मंडळी यासाठी बाराव्या हिश्शाचा हिशेब वापरतात: साधारण सहा तासांत पाणी चढतं, त्यातल्या पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक अडीच-तीन मीटरपर्यंत असतो. २.७ मीटर धरून मांडून बघा. पहिल्या तासात पाणी जेमतेम २२ सेंटिमीटर चढतं, दुसऱ्या तासात ४५ आणि तिसऱ्या तासात तब्बल ६७. म्हणजे पहिला तास तुम्हाला ‘अजून भरपूर वेळ आहे’ असं पटवून देतो आणि तिसऱ्या तासात घोट्याएवढं पाणी मांडीपर्यंत येतं.

जाताना एक गोष्ट मुद्दाम करा. वाटेतला सर्वांत सखल भाग कुठला ते बघून ठेवा. तिथले खडक जास्त ओले असतात, फटींमध्ये पाणी साचलेलं असतं, हिरवट शेवाळ दाट असतं. वाट बुडायला सुरुवात तिथून होते. बेटाच्या काठावर उभं राहून पायाजवळचे दगड कोरडे दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. मधला भाग तोवर गेलेला असू शकतो. बेटावर असताना अधूनमधून नजर त्या सखल भागावर ठेवायची, पायाखालच्या दगडांवर नाही.

पंचांगाची पाऊणपट तिकडे लावणं

कोकणातल्या माणसाला भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यासाठी हा हिशेब छान बसतो. काबूयाला बसत नाही. चंद्र तोच असला तरी भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्याला वेगळ्या वेळी पोचते. तिकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण तीनच्या आसपास येते आणि ओहोटी नऊच्या आसपास.

मात्र पंचांग अगदी टाकून देऊ नका. जायचा दिवस निवडायला ते उत्तम आहे. पौर्णिमा-अमावास्या आणि नंतरचे एक-दोन दिवस म्हणजे उधाणाचे. तेव्हा ओहोटीही खोल लागते, आणि काबूयाला ती सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला येते. ऊन चढायच्या आत जाऊन येता येतं, याहून सोयीची वेळ नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. तेव्हा ओहोटी असते, पण पाणी पुरतं सरत नाही आणि वाटेचा काही भाग पाण्यातच राहू शकतो. तक्त्यात वेळेच्या शेजारी उंचीचाही आकडा असतो. तो शून्याच्या जवळ किंवा उणे असेल तर चांगलं. बहुतेक लोक फक्त वेळ वाचतात आणि तो आकडा सोडून देतात.

तुमच्या मुक्कामाचे सगळे दिवस भांगाचे असतील तर गावात विचारा, आणि ‘नको’ म्हणाले तर किनाऱ्यावरूनच बेट बघा. पाण्यातून ‘थोडंच आहे’ म्हणत जाऊ नका.

दुसऱ्याच किनाऱ्याचा तक्ता बघणं

कोस्टा रिकाला दोन किनारे आहेत आणि दोन्हीकडची भरती अगदी वेगळी. कॅरिबियन बाजूला पाणी अर्धा मीटरसुद्धा वरखाली होत नाही. तिकडे काउइता नावाचं प्रसिद्ध ठिकाण आहे, आणि घाईत शोधताना काबूया आणि काउइता यांची गल्लत सहज होते. काउइताचा किंवा त्याच बाजूच्या लिमोनचा तक्ता हातात असेल तर तो बाजूला ठेवा. पॅसिफिक बाजूच्या पुंतारेनास बंदराचा किंवा मोंतेझुमाजवळचा घ्या.

फोनमधल्या वेळेचंही बघा. कोस्टा रिका भारताच्या साडेअकरा तास मागे आहे आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. अमेरिकेतून जाणाऱ्यांचा एक तास इथे हमखास चुकतो. कालचा तक्ता आज वापरला तरी फसाल, कारण ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. दिवसात ओहोटी दोनदा लागते, त्यातली रात्रीची आपल्यासाठी नाही. तिथे वर्षभर साडेपाच-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच काळोख होतो.

पायात चपला

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत बघितलेल्यांना वाटतं, तसंच असेल. कुलाब्याला पायाखाली बरीचशी वाळू असते. इथे खडक आहेत, वर शेवाळ आणि कडेला चिकटलेल्या कालवांसारख्या धारदार शिंपल्या. घसरलं की माणूस आधाराला हात टेकतो आणि तळहातच कापून निघतो. मागे पट्टा असलेले, बोटं झाकणारे, भिजले तरी चालणारे बूट घाला. दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाईल पिशवीत, पिशवी पाठीवर. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना ‘जवळच तर आहे’ म्हणून आग्रह करू नका. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालणं वेगळं आणि ओल्या दगडांवर दहा मिनिटं चालणं वेगळं.

दफनभूमीला सहलीची जागा समजणं

याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण पाण्याची चूक माणसाला स्वतःला भोवते, ही मात्र दुसऱ्याला दुखावते. हे जुनं, ओसाड पडलेलं अवशेषांचं ठिकाण नाही. गावातली माणसं आजही आपल्या माणसांना इथे मूठमाती देतात. युरोपीय लोक यायच्या आधीपासून मूळ रहिवासीही इथेच दफन करत, असं सांगतात. एखाद्या थडग्यावर ताजी फुलं दिसली तर तिथे कुणीतरी अलीकडेच येऊन गेलंय.

बेटाभोवती मासे बघायला पोहणारेही येतात, आणि ओल्या कपड्यांत, तसेच निथळत कमानीतून आत शिरतात. पिशवीत एक सदरा आणि गुंडाळायला पंचा ठेवा. आत जाताना अंग झाका. ओले टॉवेल, पोहायचे चष्मे, डबे थडग्याच्या कट्ट्यावर ठेवू नका, त्यावर बसू नका. ती सावलीतली सोयीची जागा दिसते खरी, पण आपल्या आजीच्या कबरीवर कुणी डबा उघडलेला आपल्याला चालेल का? थडग्यांवरची नावं-तारखा दिसतील असे फोटो काढून टाकू नका. गाणी, ड्रोन, बिअर यातलं काहीही नको. आणि बेटावर शौचालय नाही, तेव्हा गावातूनच जाऊन या. झाडीत आडोसा शोधू नका.

समोरून अंत्ययात्रा येत असेल तर त्या दिवशी बेट त्यांचं. वाट अरुंद असते आणि पाण्याची वेळ त्यांनाही तेवढीच मोजकी मिळालेली असते. बाजूला व्हा, टोपी काढा, दुसऱ्या दिवशी जा. २ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस, वसई-गोव्याच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. त्या दिवशी कुटुंबं कबरीपाशी येतात, फुलं-मेणबत्त्या घेऊन. पाहुण्यांनी तो दिवस टाळावा असं माझं मत आहे.

शंख-शिंपले उचलू नका. ते संन्यासी खेकड्यांची घरं असतात, शिवाय कोस्टा रिकाच्या विमानतळावर सामानातून शंख काढून घेतात.

अडकलात तर

वाट बुडालेली दिसली तर उतरू नका. इथे लोक पिशवी डोक्यावर धरून निघतात आणि पाय मुरगळून, नाहीतर खरचटून घेतात. दगड दिसत नसतात आणि वाहतं पाणी कडेला ढकलत असतं. बेटाचा वरचा भाग बुडत नाही, तिथे तुम्ही सुरक्षित आहात. सावलीत बसा. दोन ओहोट्यांमधलं अंतर साधारण साडेबारा तास असतं, म्हणजे वाट पुन्हा उघडायला आठ-नऊ तास लागू शकतात. सकाळी अडकलात तर ती वेळ बहुधा अंधारात येते, म्हणून बसून न राहता लगेच किनाऱ्यावरच्या लोकांना हात करा, राहत्या ठिकाणी फोन करून होडीची सोय होते का विचारा. कुणाला लागलं असेल, चक्कर येत असेल तर ९११. माणशी दोन लिटर पाणी आणि थोडं खाणं मुळातच बरोबर हवं.

या किनाऱ्यावर मांचिनील नावाचं झाड आढळतं. हिरवी, छोट्या सफरचंदासारखी फळं लागतात. ती विषारी असतात आणि चिकाने अंगावर फोड येतात. अनोळखी फळ चाखू नका, पाऊस आला म्हणून अशा झाडाखाली उभं राहू नका.

पावसाळा आणि रस्ता

मे ते नोव्हेंबर तिथला पावसाळा. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लांब लाटाही या किनाऱ्यावर येतात, आणि तक्त्यात ओहोटी असली तरी त्या वाटेवर फुटू शकतात. किनाऱ्यावर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं लाटा बघा, मगच पाय टाका.

राजधानी सान होसेहून त्याच दिवशी येऊन बेट गाठायचा बेत करू नका. पुंतारेनासहून पाकेराला फेरीबोट, तिला तासाहून जास्त, पुढे कोबानो आणि मोंतेझुमामार्गे रस्ता. फेरी चुकली की ओहोटीही गेली. आदल्या रात्री मोंतेझुमाला किंवा काबूयातच मुक्काम करा. दोन्ही गावांमधलं अंतर सातेक किलोमीटर. मालपाईसकडून काबूयाला येणारा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण वाटेत ओढे आहेत. पावसाळ्यात साध्या गाडीने त्याच्या वाटेला जाऊ नका.

काबो ब्लांको हे १९६३ मध्ये राखीव झालेलं जंगल गावाला लागूनच आहे. बेट सकाळी झालं तर उरलेल्या दिवसात तेही होईल असं वाटतं, पण तिथली लांबची पायवाट जाऊन-येऊन चारेक तास घेते आणि दुपारनंतर आत सोडत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी-मंगळवारी, ते बंद ठेवण्याची पद्धत आहे, तेव्हा निघण्याआधी गावात विचारून घ्या.