अँजिओप्लास्टीनंतर थॅलियमला येताय? आधी चहाचं बोलू

"ताई, अर्धाच कप घेतला हो, तोही बिनसाखरेचा!" गेल्या महिन्यात एक काका सकाळी आठला हे म्हणाले आणि त्यांची थॅलियम टेस्ट दुसऱ्या दिवसावर गेली. या टेस्टमध्ये सुईतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन, श्रमानंतर आणि विश्रांतीत हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं, याचे फोटो काढतो. साखरेचं काही नाही, अडचण कॅफिनची. श्रमासाठी ट्रेडमिल गुडघ्यांमुळे जमत नसेल तर आम्ही ॲडेनोसिन नावाचं औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलवतो, आणि कॅफिन नेमकं तेच अडवतं. म्हणून 24 तास आधीपासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, तेवढं बघा. दमा असेल तर आधीच सांगा.

मेटोप्रोलोलसारखी ठोके मंदावणारी गोळी थांबवायची का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्टेंटनंतरच्या (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र मनाने एक दिवसही चुकवू नका.

अँजिओप्लास्टीचा कागद आणाच. स्टेंट कुठल्या वाहिनीत, हे कळल्याशिवाय फोटो मुके. एलएडी ही डावीकडची वाहिनी हृदयाची पुढची भिंत आणि टोक सांभाळते, आरसीए ही उजवीकडची बहुधा खालची भिंत. पाट मोकळा झालाय हे अँजिओग्राफीत दिसलं. वाफ्यात पाणी पोचतंय का, ते आम्ही बघतो.

ट्रेडमिलवर साठीच्या माणसाचं लक्ष्य मिनिटाला 136 ठोके: 220 वजा वय, त्याचे 85 टक्के. तिथे पोचलात की सुई, आणि पुढे मिनिटभर चालत राहायचं. इथेच लोक थांबतात! सुईत हल्ली बहुतेक ठिकाणी थॅलियम नसतंच, टेक्निशियम असतं. नाव जुनंच चिकटलंय. दर 6 तासांनी त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. मग दूध किंवा काही खायला देतो, म्हणजे यकृतातलं औषध सरकतं. नाहीतर खालच्या भिंतीशेजारी तेच चमकत बसतं. पुढे हात डोक्यावर घेऊन पंधरा-वीस मिनिटं निश्चल.

दुसरे फोटो विश्रांतीचे. श्रमात फिकी आणि विश्रांतीत भरलेली जागा म्हणजे स्नायू जिवंत, पण श्रमात रक्त कमी पडतंय. दोन्हीकडे फिकी असेल तर बहुधा जुना व्रण. बहुधा म्हणते, कारण पोटाची किंवा स्तनाची सावलीही तशीच दिसते. खात्रीसाठी कधी पालथं झोपवून पुन्हा फोटो घेतो.

त्रास नसताना दरवर्षी हौसेने करू नका. 2022 साली कोरियातल्या 1,706 जोखमीच्या रुग्णांच्या अभ्यासात, अँजिओप्लास्टीनंतर वर्षाने सरसकट अशी तपासणी करून फायदा दिसला नाही. चालताना पुन्हा छाती भरून येऊ लागली तर डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी भरून आली तर अपॉइंटमेंट कसली घेताय, सरळ कॅज्युअल्टी गाठा.