उन्हाळ्यात गोधडीचं कापड कसं घ्यावं

गोधडीच्या कापडाची खरेदी चैत्र-वैशाखातच उरकावी. पावसाळ्यात धुतलेलं मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, दोन-दोन दिवस ओलसर राहून कुबट वास मारतं. मे महिन्यात सकाळी वाळत घातलेलं दुपारच्या जेवणापर्यंत घडी करता येतं. मुलांना सुट्टी असते, गावोगावच्या जत्रा असतात, म्हणजे खरेदीला सगळं घर बरोबर नेता येतं. आतल्या थरांना घरच्या जुन्या सुती साड्या आहेत असं धरते. इथे बोलायचंय ते अस्तराच्या आणि वरच्या ठिगळांच्या नव्या कापडाबद्दल.

हिशेब घरून करून निघा. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीचं अस्तर ४४ इंच पन्ह्यातून (कापडाच्या रुंदीतून) काढायचं तर दुकानदार हमखास साडेचार-पाच मीटर सांगतो, कारण तो कापड उभं लावतो. तुम्ही आडवं लावा. एकूण साडेतीन मीटर कापड घेऊन त्याचे दोन सारखे तुकडे करून मध्ये आडवी शिवण घेतली की काम भागतं, आटण्यापुरतं कापडही हाताशी राहतं.

अस्तराला इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावचं साधं मांजरपाट किंवा पॉपलिन उत्तम. छापील कापडासाठी पुण्यात रविवार पेठेतलं कापडगंज, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगळदास मार्केट. मंगळदास रविवारी बंद असतं आणि आत सगळा दिव्यांचा उजेड. तिथला मरून बाहेर येऊन पाहिला तर वेगळाच निघतो, म्हणून तुकडा दारापर्यंत न्यायला मागा. गिऱ्हाईक घेण्याच्या तयारीत दिसलं की कोणी नाही म्हणत नाही.

जत्रेचं तंत्र वेगळं. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जाणार असाल तर घेतलेलं अस्तर बरोबर नेऊ नका. सासनकाठ्या नाचायला लागल्या की गुलालातून कोणी सुटत नाही, आणि घामेजल्या हाताने पांढऱ्या कापडावर गेलेला गुलाल धुऊन पुरता निघेलच असं नाही. जोतिबाला दर्शनालाच जा. गावच्या जत्रेत मात्र चादरी-कटपीसवाल्यांकडे चांगले तुकडे मिळतात. सकाळी लवकर गाठा, मुलांना मोठ्या माणसांबरोबर पाळण्याकडे पाठवा आणि एकटीने बघा. मागे ‘आई, चल ना’ चालू असताना कापडाची पारख होत नाही.

आता खरी अडचणीची पायरी: समोरचं कापड सुती आहे की नाही. मलाही यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. जो तो एकच सल्ला देतो, ‘धागा जाळून बघा.’ पॉलिस्टर पकडायला तो ठीक आहे. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी उरतो. सुती धागा जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पण रेयॉनसुद्धा अगदी तसंच जळतं, वास कागदाचाच आणि राखही मऊच! हल्ली बाजारात छापील रेयॉन ‘प्युअर कॉटन’ म्हणून सर्रास गळ्यात मारतात. ते अंगावर घालायला छान असतं, पण गोधडीला अजिबात घेऊ नका. सुईखाली सरकतं, धुतल्यावर आटतं, आणि गोधडी पाण्यात बुडवून पिळली की ओल्या रेयॉनच्या ठिगळाला टाक्याजवळ चीर पडते.

म्हणून धागा ओला करून तोडा. कापलेल्या कडेतून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून घ्या. बाटलीतल्या पाण्यात भिजवा, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळा आणि सावकाश ताणा. सुती धागा ओला झाला की उलट चिवट होतो, बोटाला काचतो. रेयॉनचा ओला धागा फारसा जोर न लावता तुटतो. तुलनेला घरच्या जुन्या सुती साडीचा धागा पर्समध्ये ठेवा. दोन्ही दिशांचे धागे तपासायचेच, कारण काही कापडात उभा धागा सुती आणि आडवा भलताच असतो. ओल्या परीक्षेत पास झालेला धागा मग जाळून बघा, कारण पॉलिस्टर भिजून कमजोर होत नाही. दोन्ही परीक्षा, याच क्रमाने. जत्रेच्या गर्दीत मात्र काडी ओढू नका. नमुन्याचा तुकडा घरी आणून जाळा, मग जास्तीचं कापड घ्या.

खळ, म्हणजे कापड कडक दिसावं म्हणून लावलेली कांजी, हीसुद्धा फसवणूकच. मांजरपाटाची कड दोन बोटांत चुरून बघा. पांढरी भुकटी पडली आणि चुरलेली जागा लगेच मऊ, विरळ झाली तर ताग्याला अंग नाही, खळच आहे. उजेडासमोर धरा, विण कुठे दाट कुठे फाटकी दिसली की सोडून द्या. किलोवर विकतात तिथे तर तुम्ही खळीचेही पैसे मोजता.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून लाल, निळ्या आणि काळ्या कापडावर जोरात घासा. रुमालाला फिकट छटा आली तर चालेल, दोन-तीन धुण्यांत जाते. ठळक डाग पडला तर घेऊ नका. ‘मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो’ हे ऐकू नका. बाजारातल्या रंगवलेल्या कापडाचा कच्चा रंग घरच्या मिठाने बसत नाही. तुरटी लागते ती रंगवण्याआधी, वनस्पतींच्या रंगांना.

घरी आल्यावर सगळं नवं कापड गरम पाण्यात साबण घालून भिजवा, गडद रंग वेगळे. सावलीत वाळवा, इस्त्री करा.

त्याआधी कात्री लावू नका, ठिगळ तळहाताएवढं असलं तरी. न आटवलेलं नवं कापड धुतलेल्या साड्यांवर शिवलं तर पहिल्या धुण्यालाच नवं आक्रसतं, जुनं जागेवर राहतं आणि धावदोऱ्याच्या रांगांमध्ये कायमचे फुगे येतात. ते नंतर इस्त्रीने बसत नाहीत, उसवूनच काढावे लागतात.