दोर, कोयता आणि उद्यमनगरचे वेल्डिंग : झाडांवरचे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात मी झाडांवर चढून काम करतो असे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे नारळ उतरवता का?’ नारळही उतरवतो. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन या कामात आलो तेव्हा माझी समजूत याहून फार वेगळी नव्हती. हा झाडे तोडण्याचा व्यवसाय आहे असेच मला वाटत होते. प्रत्यक्षात अख्खे झाड उतरवण्याचे काम क्वचित येते आणि घर चालते ते किरकोळ वाटणाऱ्या कामांवर. ताराबाई पार्कातल्या जुन्या बंगल्यावर झुकलेली फांदी हलकी करणे, सौर बंबावर येणारी सावली विरळ करणे, शिवाजी पेठेतल्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ सोडवणे, खोडात रुतलेली लोखंडी जाळी कापून काढणे आणि आंब्यावरचे बांडगूळ काढणे, अशी ती कामे असतात. बांडगुळाची नुसती पाने ओरबाडली तर ते पुन्हा फुटते, कारण त्याची शोषक मुळे फांदीच्या लाकडात शिरलेली असतात; म्हणून ती फांदी लागण झालेल्या जागेच्या बरीच खाली कापावी लागते. त्याचे चिकट बी फुलटोच्या पक्षी फांदीफांदीवर पसरवतो, त्यामुळे शेजारच्या आंब्यावर बांडगूळ तसेच राहिले तर दोनचार वर्षांत त्याच घरी पुन्हा बोलावणे येते.

एप्रिल-मे महिन्यांत वळीव सुरू झाला की फोन थांबत नाहीत. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असल्यामुळे वादळी वाऱ्यात पहिला बळी बहुधा त्याचाच जातो. अशा वेळी घाईत होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट परवानगीची. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे, त्यामुळे मालकाच्या स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण मिळाले आहे. मालक ‘सगळे झाले आहे’ असे तोंडी सांगतो, पण कागद हातात पडेपर्यंत करवत पिशवीतच राहू द्यावी. दुसरी गोष्ट तारांची. 11 केव्हीच्या वाहिनीपासून 3 मीटरच्या आत आम्ही माणूस, दोर किंवा फांदी यांपैकी काहीही जाऊ देत नाही, आणि बांबूची आकडी कोरडी असली तरी तिच्यावर विसंबत नाही. फांदी त्याहून जवळ असेल तर महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू होत नाही, मग मालक कितीही रागावो. याखेरीज चढण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारून आग्या मोहोळ, ढोली आणि पक्ष्यांची घरटी पाहून घ्यावीत.

कापण्याचे तंत्र मी पदवीच्या वर्गात शिकलो नाही. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर कड असते. त्या कडेच्या लगेच बाहेर काप घेतला तर झाड जखमेभोवती साल आणून ती हळूहळू मिटवते; कड कापून खोडालगत गुळगुळीत काप घेतला तर जखम मोठी होते आणि कुजणे थेट खोडात शिरते. झाड जखम बरी करत नाही, ती आतल्या आत कोंडून टाकते, ही गोष्ट अमेरिकेतले वनस्पती-रोगतज्ज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिली. त्यामुळे कापावर डांबर किंवा रंग फासण्याचा आग्रह धरणाऱ्या मालकाला मी नम्रपणे नकार देतो. जड फांदी नेहमी तीन कापांत काढावी : खोडापासून वीतभर अंतरावर खालून पहिला, त्याच्या थोडे बाहेर वरून दुसरा, आणि फांदी पडल्यावर उरलेल्या खुंटाचा कडेपाशी तिसरा. खालचा काप मी एकदा कंटाळून टाळला. फांदी पडता पडता गुलमोहराची दोन फूट साल सोलून घेऊन गेली, आणि त्या घरासमोरून जाताना मी आजही वर बघण्याचे टाळतो.

आता साधनांविषयी, कारण नवख्यांचे बहुतेक प्रश्न त्यांच्याविषयीच असतात. परदेशी बनावटीची साधने महाग पडतात आणि कोल्हापूरच्या माणसाला उद्यमनगरची लोखंडकामाची वर्कशॉपे हाताशी असल्यामुळे ‘बनवून घेऊ’ हा विचार सर्वांत आधी सुचतो. माझा विचार असा की लाकूड पेलणारी वस्तू बनवून घेता येते, माणूस पेलणारी नाही. आणि लाकूड पेलणारी वस्तू तुटली तर खाली कोण उभे असेल, याचा विचार तिच्या बाबतीतही करावा लागतो.

बनवलेल्या वस्तूंची यादी माझ्याकडे मोठी आहे. उंच बेचक्यातून दोर घालण्यासाठी आधी बारीक सुतळी फेकावी लागते, तिच्या टोकाला आम्ही जाड कॅनव्हासच्या पिशवीत वाळू शिवून बांधतो. पूर्वी मोठा नट बांधत असू, पण तो परत येताना खिडकीची काच शोधतो. दोर सालीवर घासू नये म्हणून गोणपाट किंवा जुन्या अग्निशमन होजचा तुकडा मध्ये घालतो. हातकरवत निसटून पडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी लावतो. फरशीवर ओंडका उतरवायचा असेल तर ट्रकचे जुने टायर अंथरतो. बारीक फांद्या खाली सवळायला ऊसतोडीचा कोयता चेनसॉपेक्षा (साखळी फिरणाऱ्या यंत्रकरवतीपेक्षा) जलद आणि शांत चालतो. फांदी दोराने सावकाश सोडण्यासाठी दोराचे वेढे बुंध्यालाच घेतले की घर्षणामुळे एक माणूस बऱ्याच वजनाला आवरू शकतो, पण त्याने साल दुखावते. म्हणून दोराचे वेढे घेण्यासाठी आम्ही जाड पाइपला आडवे दांडे वेल्ड करून एक घर्षणनळी बनवून घेतली आणि तिच्यावर पहिले काही दिवस फक्त लहान ओझी सोडून पाहिली.

ओझ्याचा अंदाज डोळ्यांनी चुकतो. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण 1000 किलो धरले, तर 30 सेंटिमीटर जाडीचा एक मीटर लांब ओंडका 70 किलोच्या आसपास भरतो, आणि तो मीटरभर मोकळा पडून दोरावर आदळला तर दोराला बसणारा हिसका त्या वजनाच्या कितीतरी पट असतो. सुरुवातीच्या काळात मी सळई वाकवून केलेला एस आकाराचा हूक अशा हिसक्याने उलगडला आणि ओंडका तुळशी वृंदावनाची कड फोडून गेला. वेल्डिंग किंवा लोखंड यांचा दोष नव्हता, हिशेब माझा चुकला होता. वृंदावन दुरुस्त करून दिले आणि तेव्हापासून त्या जागी ताकद छापलेलेच कॅराबिनर (झडप असलेली धातूची कडी) वापरतो.

माणूस पेलणाऱ्या साधनांत मात्र काटकसर चालत नाही. बाजारात मिळणारा पिवळा किंवा निळा प्लॅस्टिकचा दोर बहुधा पॉलिप्रोपिलिनचा असतो. तो 165 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि दोरावर दोर घासला की तेवढी उष्णता सहज निर्माण होते. फांद्या बांधायला तो चालेल, चढायला कधीही नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर भेटलेल्या गिर्यारोहक मित्रांकडून मी दोरावर सरकणारी आणि वजन पडताच आवळणारी प्रुसिक गाठ शिकलो, पण त्यांचा ताणला जाणारा दोर झाडावर गैरसोयीचा ठरतो, कारण त्यावर लटकले की माणूस वर-खाली झोके खातो; आम्हाला कमी ताणला जाणारा, 11 ते 13 मिलिमीटर जाडीचा दोर लागतो. बांधकामावरचा पाठीला कडी असलेला हार्नेस पडणाऱ्याला अडवण्यासाठी असतो, त्यात तासभर बसून काम करण्यासाठी नव्हे. त्यात लटकत राहिले की मांड्यांच्या पट्ट्या रक्त अडवतात. बसता येणारा, पुढे आणि बाजूला कड्या असलेला हार्नेस घ्यावा, हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट घ्यावे आणि वर चेनसॉ चालवताना मुख्य दोराखेरीज दुसरा, शक्यतो तारेचा गाभा असलेला, आधार बुंध्याला घालावा. बुटाला बांधायचे लोखंडी काटे उद्यमनगरात बनवून मिळतात, पण त्यांची प्रत्येक टोच ही जखम असते, म्हणून जे झाड काढूनच टाकायचे आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या झाडावर ते चढवू नयेत.

शिक्षणाचे विचाराल तर कोल्हापुरात या कामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम माझ्या पाहण्यात नाही. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेच्या प्रमाणित आर्बोरिस्ट (वृक्षनिगा तज्ज्ञ) परीक्षेला बसायचे तर सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. वनस्पतिशास्त्र किंवा कृषी शाखेचे शिक्षण असेल तर पुस्तकी भाग सोपा जातो. पण पहिले सहा महिने जमिनीवरच काढावेत असे माझे मत आहे. फांद्या ओढणे, दोर आवरणे, चेनसॉसाठी 50 भाग पेट्रोलला एक भाग ऑइल मिसळणे, तिच्या साखळीला कानस लावणे आणि ट्रॉली भरणे यांतच दिवस जातो. लाकूड विकण्याची आशा धरू नये. गुऱ्हाळांना चिपाड पुरते आणि वखारवाला गुलमोहराकडे पाहतही नाही. झाडावर चढलेल्याची नजर जिथे पोहोचत नाही तिथे खालचा माणूस पाहत असतो, त्यामुळे हे काम कमी प्रतीचे समजणाऱ्याला मी वर पाठवत नाही.

संध्याकाळी दोर हातातून वीतवीत सरकवून तपासावा. कडक, चकचकीत किंवा चपटा झालेला भाग लागला की तो दोर चढण्यातून बाद. बाद दोर मी त्याच दिवशी वावभर लांबीचे तुकडे करून टाकतो, नाहीतर पुढच्या गर्दीच्या आठवड्यात कोणीतरी तो पुन्हा वर नेतो. दोन तुकडे हत्यारे बांधायला राहतात, उरलेले आमचा सहकारी म्हशीच्या दाव्यांसाठी घरी घेऊन जातो.