रामोजीतल्या हॉटेलात मुक्काम: भाडं वसूल कसं करायचं

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या गावांतून पोट्ट्यांना मोठा थीम पार्क दाखवायचा तर खोपोलीच्या इमॅजिकापेक्षा हैदराबाद जवळ पडतं. 1996 साली सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी शहराच्या पूर्वेला, विजयवाडा रस्त्यावर आहे. पसारा 1,666 एकरांचा, आणि राहायची सोय आतच. सितारा महागडं, तारा मधल्या भावाचं, शांतिनिकेतन त्याहून स्वस्त. इथे ताराचा हिशेब धरला आहे.

आतल्या हॉटेलात पैसे मोजायचे ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी. आदल्या दुपारी पोचायचं, रात्री नीट झोपायचं आणि नऊला पार्क उघडतो तेव्हा न्हाऊन-खाऊन तयार असायचं. रात्री अकराला पोचणार असाल तर हे भाडं बुडीत खाती गेलं समजा. त्यापेक्षा हयातनगर किंवा एल. बी. नगरचं साधं लॉज बरं.

दुपारी पोचायला नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत सोयीची. पहाटे नागपूरहून सुटते, सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह घेत दुपारी बाराच्या सुमारास सिकंदराबादला लागते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, म्हणून आधी तारीख पाहा आणि मगच खोली घ्या. तिथून टॅक्सीने दीड तास धरा. खोलीचा ताबाही साधारण दुपारीच मिळतो, म्हणजे ताटकळणं नाही. रात्रीच्या गाडीने सकाळीच उतरलात तर खोली मिळेपर्यंत सामान आणि लेकरं घेऊन बाकावर बसावं लागतं. परतीच्या तिकिटावर स्थानकाचं नाव नीट वाचा. जानेवारी 2025 मध्ये चर्लापल्लीचं नवं टर्मिनल सुरू झालं, काही गाड्या आता तिथून सुटतात. फिल्म सिटीसारखं तेही शहराच्या पूर्वेलाच आहे, पण सिकंदराबाद समजून निघालात तर गाडी चुकलीच.

स्वतःच्या गाडीने पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी असा 44 नंबरचा हायवे धरा. हैदराबाद शहरात शिरू नका. मेडचलजवळ आउटर रिंग रोडवर चढा आणि पेद्दा अंबरपेटला उतरा, पुढे विजयवाडा रस्ता. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरीच पाहा.

तारीख निवडताना तेलंगणाच्या सुट्ट्या बघा, आपल्या नव्हे. तिकडे दसऱ्याची सुट्टी लांब असते आणि संक्रांतीलाही शाळा बंद असतात, तेव्हा रांगा वाढतात. जूनचा तिसरा आठवडा मोकळा सापडतो: तेलंगणाच्या शाळा सुरू झालेल्या असतात, उरलेल्या महाराष्ट्राच्याही, फक्त विदर्भाच्या उशिरा उघडतात. पण कास्तकाराला हे कसं जमणार, पेरणी तोंडावर असते. त्याने सोयाबीन विकून झाल्यावर, कापसाची पहिली वेचणी आटोपली की मंगळवार-बुधवार गाठावा.

बुकिंग करताना फोनवर चार गोष्टी विचारा आणि उत्तरं ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. एक, भाड्यात पार्कचं तिकीट आहे का, आणि ते कोणत्या तारखेचं? आलेल्या दिवसाचं असेल तर दुपारचे दोन तास मिळतील आणि तिकीट वाया जाईल. दुसऱ्या दिवसाचंच मागा. दोन, जेवणाचा प्लॅन कोणता? ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळं. पार्कच्या दिवशी दुपारी जेवायला हॉटेलवर परत येणं होत नाही, म्हणून एपीचे पैसे टाकू नका. सीपी पुरे. तीन, कोणत्या वयापर्यंतचं मूल फुकट, आणि एक्स्ट्रा बेडचे किती? आजी-आजोबा धरून सहा जण असाल तर एका खोलीत दोन जास्तीच्या गाद्या कोंबण्यापेक्षा दोन खोल्या घ्या, सकाळी न्हाणीघराची रांग वाचते. चार, सांगितलेलं भाडं करासकट आहे का? सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 4,000 च्या खोलीचे 4,200. त्यावरच्या खोलीला 18 टक्के लागतो. कोणी खासगी नावाच्या यूपीआयवर आगाऊ मागितले तर फोन ठेवून द्या. अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. घरातल्या एकाचंच आधार आणलं की काउंटरवर अडतं. गावच्या सेवा केंद्रातून फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून घ्या. मुलांचंही घ्या, वयाचा वाद तिथेच मिटतो. बुकिंगचा कागद हातात ठेवा, गेटवरच विचारतात.

खोलीत शिरल्यावर दाराजवळच्या खाचेत चावीचं कार्ड घाला, त्याशिवाय दिवा लागत नाही. टॉवेल मोजा. डाग आधीच असेल तर फोटो काढून रिसेप्शनला दाखवा, कारण खोबरेल आणि काजळाचे डाग निघत नाहीत आणि त्याचे पैसे लागतात. किटलीत दूध तापवू नका. ते तळाला लागतं, करपतं, उतू जाऊन विजेच्या भागात गेलं की किटली बसते. पाणी उकळा, चहाची पुडी आणि दुधाची पावडर कपात घाला. सगळ्यांनी लागोपाठ अंघोळ केली तर गिझरचं गरम पाणी संपतं. तिघांनी रात्रीच आटपा.

दशम्या, तीळ किंवा शेंगदाण्याची चटणी, चिवडा हे पहिल्या संध्याकाळी खोलीत संपवा. पार्कच्या गेटवर पिशव्या तपासतात, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. रस्सा किंवा पातळ भाजी आणूच नका, दुसऱ्या दिवशी आंबते. नाश्त्याला इडली, वडा, पोंगल भरपूर असतं. पोट भरून निघा, आत उन्हात चालणं खूप आहे.

पार्कच्या दिवशी सकाळीच खोली सोडा, बिल तेव्हाच तपासा. फ्रिजमधली बाटली किंवा चॉकलेट न घेता बिलात आलं असेल तर तिथेच सांगा. डिपॉझिट कार्डावर असेल तर परत यायला काही दिवस लागतात, म्हणून पावती जपा. सामान हॉटेलात टोकनवर ठेवता येतं का ते आदल्या रात्रीच विचारा. परतीची वंदे भारत दुपारीच सुटते, त्यामुळे पार्क पाहून ती मिळणार नाही; रात्री बल्लारशाह-नागपूरकडे येणारी गाडी आधीच आरक्षित करा आणि स्टेशनला सुटण्याआधी तासभर पोचाल अशी टॅक्सी सांगून ठेवा. संध्याकाळी पार्क सुटल्यावर एकदमच सगळ्यांना टॅक्सी हवी असते.