उभ्या गाडीचे काटे उठत नाहीत तेव्हा

गाडी पावसाळाभर किंवा वर्ष-दोन वर्षं एका जागी उभी राहिली. बॅटरी बदलली, सेल्फ मारला, इंजिन लागलं. पण पेट्रोलचा काटा तळाशी, तापमानाचा काटा थंडवर, कधी सगळं मीटरच निपचित. अशा वेळी लगेच डॅशबोर्ड उघडू नका. काटा हे साखळीचं शेवटचं टोक आहे. उभ्या गाडीत बिघडतात ते जोड: फ्यूजच्या पात्या, अर्थिंगचे लग (वायरच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची कडी), टाकीतल्या फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीचा) संपर्क. मीटरच्या आतली यंत्रणा बंद डब्यात असते, तिच्यावर संशय सगळ्यांत शेवटी घ्यायचा. खालची पद्धत कार्बोरेटरवाल्या मारुती 800 सारख्या, केबलचा स्पीडोमीटर आणि साधे काटे असलेल्या गाड्यांसाठी आहे.

मल्टिमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, 10 नंबरचा पाना, 400 नंबरचा पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि दोन मीटर जोडवायर एवढं पुरतं. रबरी हातमोजे मात्र घालाच. उभ्या गाडीत उंदरांचा वावर ठरलेला असतो आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

एकदम काय काय गेलं?

इंजिन न लावता चावी ऑन करा. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागला पाहिजे. तेही लागले नाहीत तर मीटरला वीजच पोचत नाही; फ्यूज, चावीचा स्विच किंवा मीटरमागचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) बघा. दिवे लागतात पण पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे मेलेले, तर दोघांना मिळणारी सामाईक वीज तुटली आहे. एकच काटा गेला असेल तर दोष त्याच्या सेंडर युनिटचा (टाकीत किंवा इंजिनवर बसून काट्याला माप कळवणारा भाग) किंवा त्याच्या वायरचा. हेडलाइट लावल्यावर काटा सरकतो, इंडिकेटरच्या तालावर उड्या मारतो, तर अर्थिंग कच्चं आहे. फक्त स्पीडोमीटर बंद असेल तर वायरिंगला हातही लावू नका, कारण तो विजेवर चालतच नाही. जुने उष्णतेवर चालणारे काटे हळू चढतात. अर्धा मिनिट वाट बघून मगच निर्णय घ्या.

बॅटरीचा दिवा चावी ऑन करूनही लागत नसेल तर ते किरकोळ समजू नका. पुष्कळ गाड्यांत त्याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला असेल तर अल्टरनेटर चार्जच करणार नाही आणि नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल.

बॅटरी, फ्यूज, अर्थ

काही तास स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीला 12.6 व्होल्ट हवेत. 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी येतील. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत.

फ्यूज नुसता डोळ्यांनी तपासू नका. चावी ऑन ठेवून टेस्ट लॅम्प फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावा. एका बाजूला लागतो, दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज गेला. दोन्हीकडे लागतो पण मंद, तर पात्या बसतात तिथे कळक चढलेला आहे. दमट हवेत, त्यातही कोकणपट्टीत, तांब्या-पितळेवरचा तो हिरवट थर हाच मुख्य शत्रू. फ्यूज काढून खाचा क्लीनरने धुवा, पात्या पॉलिश पेपरने चमकवा. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपियरचा टाका. तोही लगेच उडाला तर मोठा टाकून बघू नका. कुठेतरी उंदराने वायर सोलली आहे आणि ती बॉडीला टेकते आहे, ती जागा शोधा.

अर्थिंग तपासताना लोक ओहम मोजतात, आणि तिथेच फसतात. एका तारेवर लटकलेला जोडही मल्टिमीटरवर ठीक दिसतो. व्होल्टेज मोजा: हेडलाइट लावा, मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल पिन डॅशबोर्डवरच्या मीटरच्या अर्थवर. 0.1 व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. 0.2 च्या वर गेलं तर बॅटरी ते बॉडी, बॅटरी ते इंजिन आणि डॅशखालचा अर्थ, तिन्ही बोल्ट सोडवा, खालचा रंग-गंज खरवडून पत्रा चकचकीत करा आणि घट्ट आवळा. हे करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि तो सगळ्यांत शेवटी लावा.

पेट्रोलचा काटा

उभ्या गाडीत सर्वांत जास्त बिघाड इथेच सापडतो. टाकीवरच्या युनिटचा कपलर काढा. चावी ऑन करून काट्याकडे जाणारी वायर टेस्ट लॅम्पमधून बॉडीला लावा. काटा चढायला लागला तर काटा आणि वायर दोन्ही ठीक, दोष टाकीत. वायर थेट अर्थला धरून ठेवू नका, काट्याची गुंडाळी जळू शकते. लॅम्पचा बल्ब करंट आटोक्यात ठेवतो.

आता युनिटचा रोध मोजा. सुझुकी घडणीच्या युनिटमध्ये साधारण 110 ते 120 ओहम म्हणजे रिकामी टाकी आणि 5 ओहमच्या आत म्हणजे भरलेली. इतर काही गाड्यांत हे नेमकं उलट असतं, रोध वाढला की काटा चढतो. तिथे वरची चाचणीही उलटी वाचा. मल्टिमीटर अनंत रोध दाखवत असेल तर फ्लोटचा संपर्क तुटलेला आहे, किंवा पेट्रोल सुकून झालेल्या चिकट थराने युनिटमधली रोधाची पट्टी झाकली गेली आहे. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरून उभ्या ठेवलेल्या जुन्या गाडीच्या टाकीत पाणी आणि गंज सापडण्याची शक्यता वाढते.

युनिट काढायचं असेल तर बॅटरी सुटी, गाडी मोकळ्या हवेत, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. बाहेर आल्यावर फ्लोटचा दांडा हळूहळू वरखाली करून ओहम बघा. आकडा सलग बदलला पाहिजे, मध्येच उडी नको. पट्टी क्लीनर आणि मऊ ब्रशने पुसा. पॉलिश पेपर इथे चालत नाही, रोधाची बारीक तार तुटते. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो बुडतो आणि काटा कायम रिकामं दाखवतो. पितळी फ्लोटला डाग द्यायच्या भानगडीत पडू नका, आतली वाफ पेटते, नवा बसवा. बसवताना रबरी सीलही नवंच घ्या.

तापमानाचा काटा

आधी कूलंटची पातळी बघा, इंजिन थंड असताना. पाणी गळून गेलेलं असेल तर सेंडर हवेत लटकतो आणि इंजिन तापलं तरी काटा थंडच राहतो. पातळी ठीक असेल तर सेंडरची वायर काढून लॅम्पमधून अर्थ करा. काटा गरमकडे गेला तर सेंडर बदला. नवा बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. या सेंडरला अर्थ आट्यांमधूनच मिळतो. फॅनचा स्विच जवळपास असतो, त्याची वायर चुकून काढाल. आणि हा काटा सुधारेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

स्पीडोमीटर

मागची चाकं दगडाने अडवा, पुढचं एक चाक उचलून जॅकस्टँडवर ठेवा, गिअर न्यूट्रल. मीटरमागून केबल काढून चाक हाताने फिरवा. आतली तार फिरत नसेल तर ती तुटली आहे किंवा गिअरबॉक्सकडचा प्लास्टिकचा दात झिजला आहे. फिरते पण अडखळते, तर तार ओढून काढा, केरोसिनने पुसा, खालच्या दोनतृतीयांश भागालाच पातळ ग्रीस लावा. तेल ओतलं की ते तारेबरोबर चढून मीटरमध्ये जातं आणि काटा कायमचा थरथरतो.

एवढं करूनही काटे उठत नसतील तर मीटर बाहेर काढा. मागच्या पातळ छापील सर्किटवर काळे डाग, उचललेली पट्टी शोधा. काट्यांचे नट बोटांनी हलके आवळा.

नव्या गाड्यांत सेन्सरची माहिती आधी ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) जाते. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बरोबर दिसतं आणि काटा हलत नाही, तर दोष मीटरचा किंवा कॅन लाइनचा (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या दोन वायरींचा). बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅन लाइन तिथवर आणलेल्या बहुतेक गाड्यांत 60 च्या आसपास आकडा येतो. 120 आला तर लाइन कुठेतरी तुटली आहे.

दुरुस्तीनंतर टाकीत मोजून 5 लिटर ताजं पेट्रोल घाला आणि काटा कुठे थांबतो ते कागदावर टिपा. पुढच्या 5 लिटरला परत टिपा. काटा मध्येच अडकत असेल किंवा फारच वेडावाकडा चढत असेल तर फ्लोटचा दांडा वाकलेला असू शकतो किंवा टाकीत कुठेतरी घासत असेल.